वसईचा ‘उत्तर प्रांत’ : एका लुप्त प्रशासकीय विभागाची जडणघडण

मराठी कागदपत्रांत वसई-साष्टीच्या टापूला ‘फिरंगाण’ म्हटलेले आढळते. पोर्तुगीज दप्तरात मात्र हाच मुलूख ‘उत्तर प्रांत’ आहे. उत्तर कशाच्या, तर गोव्याच्या. नावच मुळी राजधानीतून पाहून दिलेले. हा विभाग कशाच्या आधारावर उभा राहिला व वसई पडल्यावर त्याचे काय उरले, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई, साष्टी व मुंबई बेटासह लगतचा मुलूख गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या स्वाधीन केला. हुमायूनच्या स्वारीचे भय हे त्यामागील प्रमुख कारण होय. १५५९ मध्ये दमण मिळाले. चौल येथे ठाणे आधीच होते. दमण ते चौल या किनारपट्टीचा प्रमुख अधिकारी, ‘उत्तरेचा जनरल’, वसईस राहत असे.

आपल्याकडील लेखनात वसईच्या तटबुरुजांचे व वेढ्याचे वर्णन फार, महसुलाचे थोडे. वस्तुतः या प्रांताचा खरा पाया गावांच्या वाटपात होता. सिमाँव बोतेल्यु याने १५५४ मध्ये तयार केलेल्या महसुली नोंदवहीत हे स्पष्ट दिसते. गावे पोर्तुगीज सरदारांना, म्हणजे ‘फिदाल्गों’ना, ‘फोरो’ नावाच्या ठराविक साऱ्यावर दिली जात. मुंबई बेट अशाच रीतीने गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे होते. भात पिकविणारा कुणबी तोच राहिला. त्याच्या डोक्यावरचा धनी तेवढा बदलला.

विभागाची सीमा किती संदिग्ध होती, हे मुंबईच्या हस्तांतरात उघड झाले. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. परंतु १६६५ मध्ये ताबा देताना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ‘मुंबई’ म्हणजे केवळ एक बेट असा अर्थ लावला, तर हम्फ्री कुकने माहीमही घेतले. ‘वसईच्या अमलाखालील मुंबई’ म्हणजे नेमके किती, याचे एकमताचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

धर्मविषयक जाचामुळे स्थानिकांत असंतोष होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी मराठ्यांशी संधान बांधले ते यातूनच. १७३७ मध्ये साष्टी व १६ मे १७३९ रोजी वसई चिमाजी आप्पांच्या हाती आली. १७४० मध्ये चौलही गेले. दमण मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिले.

प्रांत संपला, पण वसई मुलकी ठाणे म्हणून टिकली. शंकराजी केशव तेथे मराठ्यांचे सरसुभेदार झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा होताना पाहिलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये : कचेरी बदलते, गावाची नोंद गावाबरोबर जाते. साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. वसई त्यांनी १७८० मध्ये जिंकली, ती सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये पुन्हा मराठ्यांना मिळाली.

मुंबईतील ‘फोरास’ जमिनींचे नाव काही अभ्यासक याच ‘फोरो’शी जोडतात. त्या जमिनींच्या हक्कांचा निकाल लावण्यासाठी कंपनी सरकारला १८५१ मध्ये, म्हणजे वसई पडल्यानंतर ११२ वर्षांनी, स्वतंत्र कायदा करावा लागला.