भाकरी हॉटेलात का नव्हती?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण परभणीकराला जन्मभर ऐकावी लागते. बाहेर जमलं तर ठीक, नाहीतर गाव आहेच, असा तिचा अर्थ. गावात निदान भाकरी तरी मिळेल, हे त्यात न बोलता आलंच.

पण ही भाकरी मिळायची ती घरात. गोदाकाठच्या काळ्या रानात पिढ्यानपिढ्या ज्वारी पिकवणाऱ्या या जिल्ह्यात 'हॉटेल' म्हणजे चहा, भजी, शेव-चिवडा. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे परभणीवरून गेली. मोंढ्यात कापूस घेऊन येणारा शेतकरी हॉटेलात चहा प्यायचा आणि फडक्यात बांधून आणलेली घरची भाकरी सोडायचा. असं का?

सरळ उत्तर असं, की जे घरोघरी होतं ते विकत कोण घेणार? अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिलं की मात्र उत्तर थोडं वेगळं येतं. घरची भाकरी फुकट नव्हतीच. तिची किंमत कुणी लिहून ठेवत नव्हतं, एवढंच.

आता भाकरीचं काम बघा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना फुटते. सकाळीच मोठा गोळा मळून ठेवावा, तर तेही चालत नाही. काटवटीत एकेका भाकरीपुरतं पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग विस्तवावर फुगवायची. शिवाय ती गरमच चांगली लागते. म्हणजे शंभर माणसं जेवायला बसली तर शंभर वेळा तोच हात हलणार. विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात दाखवून दिलं, की चार वादकांची मैफल पूर्वी जितका वेळ घ्यायची तितकाच आजही घेते. बाकी कामं यंत्रांनी झटपट होऊ लागली आणि तिथली मजुरी वाढली, की अशा हातच्या गोष्टी आपोआप महाग होत जातात. बॉमोलने भाकरी पाहिली असती, तर त्याला मैफलीपर्यंत जावं लागलं नसतं!

पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. एखाद्याने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं, की देशाचं उत्पन्न कमी झालेलं दिसतं. काम तेच, फक्त पगार थांबला. मराठवाड्यातल्या चुलीपुढचा सगळा इतिहास या उदाहरणात बसतो.

१९७२ च्या दुष्काळात हे उघडं पडलं. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यात बाया मोठ्या संख्येने होत्या. दिवसभर खडी फोडायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मायलो. खडीची मजुरी मस्टरवर लागायची. संध्याकाळी त्याच हातांनी मायलोच्या भाकरी थापल्या, त्या कुठल्याच मस्टरवर चढल्या नाहीत.

हा हिशोब बाजारात मांडला गेला तो मुंबईत, गिरणगावातल्या खानावळींत. गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेल्या कामगारांना हजारो बाया आपल्या खोलीत जेवू घालायच्या. पैसे महिन्याच्या पगाराला. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. म्हणजे ही बाई जेवण विकत होतीच, वर महिनाभराचं कर्जही देत होती. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेची कर्जं मिळवून दिली. व्याजाचा बोजा उतरल्यावर या हाताची काहीतरी कमाई हातात उरू लागली.

याच्या उलट गोष्ट झुणका-भाकरीची. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. हेतू चांगला, घोषणा आकर्षक. पण रुपया आणि वरचं अनुदान मिळून ज्वारी, बेसन, सरपण आणि थापणारा हात यांचा मेळ बसेना. केंद्रांना मिळालेली मोक्याची जागा मात्र खरी मोलाची होती. अनेक केंद्रांवर भाकरी मागे पडली आणि वडापाव, चहा पुढे आला. लोकांनी केंद्रचालकांना शिव्या दिल्या. मला वाटतं, दोष माणसांपेक्षा हिशोबात जास्त होता. हात फुकट आहे असं त्यात धरलं होतं.

२६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत हा हिशोब जरा शहाणा झालेला दिसतो. गिऱ्हाइकाकडून दहा रुपये, पण थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ धरून फरक सरकारने द्यायचा. डाळ-तांदळाच्या भावात शहर आणि गाव यांत एवढं अंतर नसतं. अंतर असतं ते जागेच्या भाड्यात आणि हाताच्या मजुरीत. गंमत म्हणजे या थाळीत भात, वरण, भाजी आणि दोन चपात्या. ज्वारीच्या परभणीतही चपात्याच!

दरम्यान परभणीची रानं सोयाबीन आणि कापसाकडे वळली. इथल्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी मोती' हे ज्वारीचं वाण नावाजलं गेलं, पण घरी रोज भाकरी थापणारी पिढी कमी होत चालली. आणि आता ढाब्यांवर भाकरी आली, बहुतेक ठिकाणी चपातीपेक्षा महाग. "भाकरीला एवढे पैसे?" म्हणून लोक कुरकुरतात.

असो. त्या पैशांत ज्वारी थोडीच असते. बाकीचं मोल त्या हाताचं आहे. मालक ते मागे चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंत पोचवतो का, हे मात्र बिलावरून कळत नाही. कुरकुर करायचीच असेल, तर त्याबद्दल करावी.