पंख फुटलेली घटका

गेली वीसेक वर्षे मी वीरगळांची टिपणे ठेवत आलो आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य असतील तर ते आहेत तोवर कीर्ती राहील असे वाचायचे. बांगड्या ल्यालेला हात दिसला की सतीशिळा ओळखायची. ही अक्षरांवाचून बोलणारी भाषा. तीच सवय घेऊन, मुलीकडे शेफील्डला गेलो असता, जवळच्या ईम गावातल्या सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात हिंडलो.

तिथे कॅथरीन मॉम्पेसनचे थडगे आहे. गावच्या धर्मगुरूची ही पत्नी ऑगस्ट १६६६मध्ये प्लेगने गेली. थडग्याच्या एका टोकाला कवटी, दुसऱ्या टोकाला पंख असलेले वाळूचे घड्याळ. काळ उडतो आहे, तुमची वेळ तुम्हाला ठाऊक नाही, हा त्याचा अर्थ. आपले घटिकापात्र पाण्याने भरून बुडायचे, म्हणून माणसाची घटका ‘भरते’. तिकडे वाळू सरते. इंग्लंडमधल्या थडग्यांवर पुढे, अठराव्या शतकात, कवटीची जागा पंख असलेल्या बालमुखाने घेतली आणि त्यानंतर वस्त्र पांघरलेला अस्थिकलश आला. आधी मरणाची आठवण, मग आत्म्याचे उड्डाण, शेवटी मागे उरलेल्यांचा शोक.

पण ईममध्ये सप्टेंबर १६६५पासून चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली. त्यांचे दगड कुठे आहेत? साथ बाहेर पसरू नये म्हणून गावाने स्वतःला कोंडून घेतले होते. चर्च बंद झाले, प्रार्थना उघड्यावर होऊ लागली आणि ज्याने त्याने आपले मृत आपल्याच शेतात पुरावेत असे ठरले. कॅथरीनला आवारात जागा मिळाली, तो अपवाद. गावाबाहेर एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हाताने पुरली. रायली ग्रेव्हज म्हणून ओळखली जाणारी ती जागा आज दगडी कुंपणात आहे. बहुतेकांच्या नशिबी तेवढेही नाही.

तिथे उभा असताना मला माझी खापरपणजी आठवली. १८९७च्या पुण्यातल्या प्लेगात ती गेली, एवढेच घरात सांगतात. कुठे नेली, कोणी नेली, ते सांगणारे कोणी उरले नाही.

इतकी वर्षे मी फक्त कोरलेले वाचत होतो. परत आल्यावर टिपणवहीत एक रकाना वाढवला. आता गावात गेलो की वीरगळ पाहून झाल्यावर म्हाताऱ्या माणसांना विचारतो, “साथीत गेलेल्यांना कुठं नेत होते?” बहुधा ते हात करून गावाबाहेरचे एखादे मोकळे माळरान दाखवतात. मी ते नोंदवून घेतो.