मुलाचा अपराध आणि बापाची थैली : रोमन कायद्यातील एक कठीण प्रश्न

१/ रोमन प्रजासत्ताकात एखादा मनुष्य कॉन्सल, म्हणजे राज्यातील सर्वोच्च अधिकारी, होऊ शकत असे. सैन्य त्याच्या आज्ञेत चालत असे. परंतु त्याचे वडील हयात असतील, तर कायद्याच्या दृष्टीने त्याच्या मालकीची एक कवडीही नसे. या विलक्षण स्थितीतूनच मुलांच्या कृत्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहिला.

२/ रोमन कुटुंबाचा प्रमुख म्हणजे 'पातेरफामिलियास'. त्याच्या अधिकाराला 'पात्रिया पोतेस्तास' म्हणत. मुले व मुलांची मुले त्या सत्तेखाली असत, वय कितीही असो. मुलाने जे कमावले ते पित्याचे होई. ही सत्ता बहुधा पित्याच्या मृत्यूने किंवा त्याने विधिपूर्वक मुक्त केल्यावरच संपे.

३/ आता अशा मुलाने चोरी केली किंवा कोणाचे नुकसान केले तर? मुलाजवळ द्यायला काही नाही. पित्याजवळ सर्व आहे, पण अपराध त्याने केलेला नाही. भरपाई मागायची कोणाकडे?

४/ इ.स.पू. ४५१-४५० च्या सुमारास तयार झालेल्या 'बारा पाट्यां'च्या कायद्यात याचे उत्तर मिळते. पित्यापुढे दोन मार्ग असत : भरपाई द्यावी, नाहीतर अपराधी मुलाला पीडिताच्या स्वाधीन करावे. गुलामाने केलेल्या अपराधाला हाच नियम होता. जनावराने केलेल्या नुकसानीलाही तसाच नियम होता.

५/ आज हे क्रूर वाटते. पण दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस यामागचे तर्क वेगळे सांगतो. मुलाच्या दुष्कृत्यापायी पित्याचे नुकसान त्या मुलापेक्षा अधिक होऊ नये, कारण तसे होणे अन्यायाचे ठरेल. म्हणजे स्वाधीन करण्याचा हक्क ही पित्याच्या जबाबदारीवर घातलेली मर्यादा होती.

६/ स्वाधीन केलेल्या मुलाचे काय होई? तो गुलाम होत नसे, मात्र त्याची अवस्था गुलामासारखीच असे. नुकसानीइतके काम करून झाले की त्याला सोडावे लागे. मुलाला असे देताना विक्रीचा विधी एकदा करावा की तीनदा, यावर रोमन विधिज्ञांच्या दोन पंथांत वाद होता.

७/ आणखी एक तत्त्व होते : अपराध अपराध्याच्या मस्तकामागून जातो. दावा लागण्यापूर्वी पिता वारला आणि मुलगा स्वतंत्र झाला, तर दावा थेट त्या मुलावर चाले. जबाबदारी पित्याच्या नात्याला चिकटलेली नव्हती, ती त्याच्या सत्तेला चिकटलेली होती.

८/ करारांची गोष्ट निराळी. मुलाने केलेल्या व्यवहाराने पिता मुळात बांधला जात नसे. पण व्यापार वाढला, तसे हे अडचणीचे झाले, कारण अशा मुलाशी सौदा करणार कोण? तेव्हा 'प्रेटर' या न्यायाधिकाऱ्यांनी पित्यावर दावा करण्याच्या नव्या वाटा काढल्या.

९/ पित्याने स्वतः आज्ञा दिली असेल, तर पूर्ण रक्कम त्याच्याकडून मिळे. मुलाला त्याने दुकानाचा व्यवस्थापक किंवा जहाजाचा प्रमुख नेमले असेल, तरीही पूर्ण जबाबदारी त्याचीच. मुलाला वापरायला थोडी मालमत्ता दिली असेल, तर तेवढ्यापुरती. आणि व्यवहाराचा लाभ पित्याच्या पदरात पडला असेल, तर त्या लाभापुरती.

१०/ सावकारांनी मात्र यातही फट शोधली. बापाच्या मृत्यूनंतर फेडण्याच्या बोलीवर ते तरुणांना कर्ज देत. मग कर्जदार मुलाचे हित बापाच्या मरणात गुंतत असे. सम्राट व्हेस्पासियनच्या काळात (इ.स. ६९-७९) रोमच्या सिनेटने याविरुद्ध ठराव केला. तो 'मॅसेडोनियन ठराव' म्हणून ओळखला जातो.

११/ हे नाव मॅसेडो नावाच्या माणसावरून पडले. तो कर्जापायी बापाचा खून करणारा मुलगा होता की कुख्यात सावकार, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ठरावाचा आशय मात्र स्पष्ट होता : पित्याच्या सत्तेखालील मुलाला पैसे उसने देणाऱ्याला वसुलीचा दावा करता येणार नाही, पित्याच्या मृत्यूनंतरही नाही.

१२/ मुलांना स्वाधीन करण्याची प्रथा पुढे ओसरली. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाने ती मुलांच्या बाबतीत रद्द झाल्याचे नोंदवले. विशेषतः मुलीला असे देणे समाजाला असह्य वाटते, असे कारण त्यात दिले आहे. गुलामांसाठी मात्र ती कायम राहिली.

१३/ भारतीय धर्मशास्त्राने भार उलट्या दिशेने टाकला. याज्ञवल्क्य स्मृतीनुसार मुलाचे कर्ज पित्याने फेडण्याची गरज नाही, ते कुटुंबासाठी काढले असेल तरच फेडावे. पित्याचे कर्ज मात्र मुलाने फेडावे. मद्य, द्यूत किंवा कामासक्तीपायी झालेले कर्ज यातून वगळले होते.

१४/ हा नियम महाराष्ट्रात दीर्घकाळ जाचला. मुंबई इलाख्यात वारशात काही मिळाले नसले, तरी मुलावर पित्याच्या कर्जाचा बोजा येई. १८६६ च्या मुंबईच्या कायद्याने ही जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती सीमित केली. पुढे २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ पुत्रधर्माच्या आधारे वसुली करण्याचा मार्गच बंद केला.

१५/ युरोपात १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने प्रश्नाला नवे रूप दिले. सोबत राहणाऱ्या अज्ञान मुलाने केलेल्या नुकसानीची भरपाई पित्याने द्यावी, आणि पित्याच्या मृत्यूनंतर मातेने. ते कृत्य आपल्याला रोखणे शक्य नव्हते, हे सिद्ध केल्यास सुटका. इंग्लंडच्या परंपरेत मात्र केवळ पालक आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

१६/ भारतात २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

१७/ यातही सुटकेची वाट आहे. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे असते. रोमन पित्याला त्याची सत्ता बांधून टाकत असे. आजच्या पालकाला न्यायालय विचारते ते इतकेच : गाडीची किल्ली मुलाच्या हाती गेली कशी?

(समाप्त)