साष्टीतला पाचवा रविवार

उंबरठा ओलांडता आणि बाहेरचं ऊन मागे राहतं. साल 1617, मार्च महिना, उपवासकाळाचा पाचवा रविवार. तुम्ही गोव्यातल्या साष्टीत आहात, राशोलच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. वेदीवरच्या मूर्ती आजपासून जांभळ्या कापडाखाली आहेत. बाकं नाहीत. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, सगळे जमिनीवर. तुम्हीही मांडी घालून बसता.

मिस्सा लॅटिनमध्ये होते. पाद्री लोकांकडे पाठ करून हलक्या आवाजात प्रार्थना म्हणतात. तुमच्या शेजारची म्हातारी जपमाळ ओढते, पोरं चुळबुळतात. मिस्सा आटोपते, पण कुणी उठत नाही. उलट सगळे पुढे सरकून बसतात.

एक तरुण जाडजूड ग्रंथ घेऊन उभा राहतो. मागल्याच वर्षी इथल्या राशोलच्या छापखान्यातून निघालेला. डोकावून पाहिलंत तर अक्षरं रोमन दिसतील, कारण इथल्या लिपीचे खिळे पाडणं कठीण. पण तो तोंड उघडतो आणि ओवी येते! तीन चरण यमकाचे, चौथा आखूड. अशा सुमारे अकरा हजार. रचणारे पाद्री बाजूच्या भिंतीशी बसलेत : थॉमस स्टीफन्स, इंग्लंडात जन्मलेले, 1579 साली गोव्याला आलेले, आता सत्तरीकडे झुकलेले.

म्हातारीच्या बोटांतली माळ थांबते.

1567 मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा ती परकरी पोर असेल. देवळांबरोबर पोथ्या गेल्या, पुराण सांगणारे गेले. बाप्तिस्मा कुणी मनापासून घेतला, कुणी धाकानं, कुणी जमीन राखायला. ते सगळे आज याच जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेत, आणि ही गोष्ट डोळ्याआड करून त्यांच्या श्रद्धेबद्दल काही बोलू नये असं मला वाटतं. स्टीफन्सनी ती डोळ्याआड केलेली नाही. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? माझ्या लेखी तो सगळा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे.

आज पेद्रूची, येशूच्या शिष्याची, कथा आहे. अंगणात शेकोटी, थंडी, आणि एक दासी त्याला निरखून म्हणते, तू त्या येशूच्या माणसांतलाच ना? पेद्रू नाही म्हणतो. पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. मग कोंबडा आरवतो.

पुरुषांच्या बाजूला एक शेतकरी मान खाली घालतो. त्यानं कुणाला नाकारलं, घरातल्या जुन्या देवाला की या नव्या स्वामीला, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. तो रडतो मात्र उघड. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी राख कपाळावर लागली तेव्हा तो रडला नव्हता; वर्षातून एकदा करावंच लागणारं पापनिवेदनही दरसाल उरकून टाकत आला होता. आज तो आपणहून उठतो आणि स्टीफन्सपुढे जाऊन गुडघे टेकतो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. ही रांग हुकमानं लागलेली नाही, आणि उपवासकाळ असतो तो याचसाठी.

1684 मध्ये पोर्तुगीज सरकार इथल्या भाषेवरच बंदी घालेल, हे या इगर्जीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतरही लोक या ओव्या हातानं उतरवून ठेवतील, पाठ करतील, आणि 1907 साली त्या मंगळुरात पुन्हा छापल्या जातील.

तरुण ग्रंथ मिटायला लागतो. म्हातारी त्याला अडवते.

"अरे, पेद्रूचं पुढे काय झालं? देवानं घेतलं का त्याला परत?"

"ते पुनरुत्थानानंतर येतं, आजी. पुढचा रविवार तर झावळ्यांचा."

"तोवर मी राहीन याचा काय भरवसा? आत्ताच वाच."

तो पाद्रींकडे बघतो. पाद्री पापनिवेदन ऐकण्यात गुंतलेत. बायकांच्या बाजूनं आणखी दोघी-तिघी ओरडतात, "वाच रे!" आणि तो भराभर पुढची पानं उलटू लागतो.