गिटारवाल्यांच्या हातात सिंथ आला तेव्हा

ऐरोलीतल्या घरूनच रेकॉर्ड करतोय, मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आज पेंटाग्राम. मुंबईचा बँड, १९९४ सालचा. गायक विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरेया, ड्रम्सवर शिराज भट्टाचार्य, बेसवर पापल माने. (माने आडनाव ऐकून आम्हा पोरांना उगाच आपलेपणा वाटायचा.) पहिला अल्बम १९९६ चा, सरळसरळ गिटारचा. आणि २००२ ला आला 'अप'. त्यात लूप, सॅम्पल, सिंथ!

मी तेव्हा एफवायला. ऐरोलीला लोकल नव्हती, ठाणे-तुर्भे गाडी सुरू झाली २००४ ला. म्हणून खाडीपूल ओलांडून बसने मुलुंडला जाऊन कॅसेट आणली, एकदा ऐकली आणि जाहीर करून टाकलं, "हे विकले गेले."

त्याच आठवड्यात आमच्या बँडमधला एक मित्र तालमीला कॅसिओ घेऊन आला. मी म्हणालो, "हा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजव." तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी आलाच नाही, आणि महिन्याभरात बँडही उरला नाही.

आता इतिहास. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये गेला. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर नाव घेतलं, आणि १९८३ ला 'ब्लू मंडे' केलं. ड्रम मशीन आणि सिंथवरचं, नाचायला लावणारं आणि तरी उदास गाणं. डार्क सिंथ-पॉप आपण ज्याला म्हणतो, त्याचं मूळ बऱ्याच अंशी अशा गिटारवाल्यांकडेच आहे. मला हे २००२ ला माहीत असतं तर!

आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९८२ ला, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या ३०३ आणि ८०८ मशीनवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले. कोण होते हे? सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक. रेकॉर्ड चालली नाही. २०१० ला पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोचं ॲसिड हाउस आलं ते नंतर. म्हणजे मी ज्या ऑर्केस्ट्राची टिंगल केली, तसल्याच एका ऑर्केस्ट्रातला माणूस सगळ्यांच्या पुढे होता.

पेंटाग्रामने पूर्ण सिंथ-पॉप कधी केलं नाही. गिटार सुटली नाही, आणि माझ्या मते तेच त्यांचं बळ. २००५ ला ते ग्लॅस्टनबरीला वाजवून आले, २०११ ला 'ब्लडीवुड' काढला. त्या दिशेने खरा लांब गेला तो रँडॉल्फ, मोनिका डोग्रासोबतच्या 'शायर अँड फंक'मध्ये. विशालने शेखरबरोबर हिंदी सिनेमा गाजवला, तेव्हाही मी नाक मुरडलंच होतं.

त्या मित्राला गेल्या आठवड्यात चरणजित सिंग यांची लिंक पाठवली. वर लिहिलं, "चुकलो रे." दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.