मालधन्याची जोखीम: मनमाड जंक्शन आणि छापील करार

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील मनमाड येथे १८७८ साली दौंडचा फाटा येऊन मिळाला आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातून आलेला मीटरगेज मार्गही तेथेच संपला. रुळांची मापे जुळत नसल्यामुळे मराठवाड्याकडून मुंबईला जाणाऱ्या कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती येथे हमालांकडून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावी लागत. पोते फाटले किंवा माल कमी भरला, तर तूट कोणी सोसायची, याचे उत्तर मात्र फलाटावर नव्हे, तर माल पाठवताना सही केलेल्या छापील कागदावर ठरलेले असे.

१८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या कलम ७२ नुसार रेल्वे ही निक्षेपग्राही, म्हणजे सोपवलेला माल स्वतःच्या मालासारखा वाजवी काळजीने सांभाळणारी संस्था होती. ही जबाबदारी कमी करणारा करार लेखी, पाठवणाऱ्याच्या सहीचा आणि सरकारने मंजूर केलेल्या नमुन्यातला असेल तरच ग्राह्य धरला जाई. या नमुन्यांना ‘रिस्क नोट’ म्हणत. त्यांतील ‘बी’ नमुन्यावर सही करणाऱ्याला भाड्यात सवलत मिळे, परंतु संपूर्ण नग नाहीसा झाला आणि तोही रेल्वेच्या हेतुपुरस्सर हयगयीमुळे किंवा तिच्या नोकरांच्या चोरीमुळे, तरच भरपाई मागता येई. अर्धे रिकामे झालेले पोते हाती आले, तर दावाच उरत नसे. जालन्याच्या व्यापाऱ्याने मनमाडच्या यार्डात रात्री काय घडले याचा पुरावा कोठून आणायचा? १९२४ च्या सुधारित नमुन्यांनी माल कसा हाताळला हे सांगण्याचे बंधन रेल्वेवर घातले, ही सुधारणा मोलाची होती. तरीही सही आणि नमुना तपासणाऱ्या कायद्याने अट न्याय्य आहे का, हे विचारलेच नाही, आणि हाच त्याचा मूळ दोष होता.

१९६१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी १९६२ पासून रेल्वेला सार्वजनिक वाहकाची जबाबदारी दिली. दैवी आपत्ती, युद्ध यांसारखे अपवाद वगळता चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. विमा, कर्ज, घरखरेदी यांसारख्या इतर छापील करारांतील एकतर्फी अटी मात्र तशाच राहिल्या. त्यांना आळा घालण्याची शिफारस विधी आयोगाने १९८४ च्या १०३ व्या अहवालात केली होती, पण ‘अनुचित करार’ ही व्याख्या ग्राहक कायद्यात आली ती २०१९ साली, आणि अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते.