शपथेस नकार
१२. शपथेस नकार : शपथ मुळी वाहूच नये, होकार-नकार साधा असावा, असे येशूने सांगितले (मत्तय ५:३३–३७). इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते शब्दशः पाळले. शपथेवर तेवढे खरे बोलायचे, तर एरवी खोट्याला मोकळीक असा अर्थ निघतो, हा त्यांचा मुद्दा. याच सचोटीपायी दुकानातही त्यांचा भाव एकच असे, घासाघीस नसे. राजनिष्ठेची शपथ नाकारणाऱ्या क्वेकर मार्गारेट फेल यांना १६६४ मध्ये जन्मठेप व मालमत्ताजप्तीची शिक्षा झाली. १६६८ मध्ये त्या सुटल्या. १६९६ च्या कायद्याने क्वेकरांना शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा मिळाली. फौजदारी खटल्यांत मात्र ती मिळायला १८२८ उजाडले. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही ईश्वरसाक्ष शपथेला असा पर्याय आहे. — संपा.